पाद्रीणबाईचं कोकरू

आई आली त्या दिवशी तिने कोट उतरवायच्या आधी मिठाची बरणी शोधली.

"जाडं मीठ नाही का घरात?" ओट्यावरचे डबे एकेक उघडत तिने विचारलं. "हे पिठीसारखं काय कामाचं?"

"कशाला हवंय तुला?"

"कशाला म्हणजे? पोरीला चोळलं नाहीस ना अजून? नाहीच चोळलं. मला वाटलंच."

नेदा तेव्हा महिन्याची झाली होती. मी तिला पाळण्यातून उचललं आणि, का कोण जाणे, छातीशी घट्ट धरून उभी राहिले. "डॉक्टर नको म्हणतात. कातडी पातळ असते, मीठ आत उतरतं. बाळं दगावलीत त्याने."

"आमच्या वेळी कोण दगावलं?"

"दगावलेली सांगायला येत नाहीत, आई."

"तुला चोळलं होतं. मी आणि तुझ्या आजीने. परातीत निजवून. काखेत, मानेखाली, कानामागे, कुठली जागा म्हणून सोडली नाही. आता सांग, येतो का तुझ्या घामाला वास?"

"येतो. मेंढ्यांचा."

ओग्न्यान, माझा नवरा, तिच्या बॅगा आत आणत होता. तो हसला. आईपण हसली. मग तिने कोट काढला, खुंटीकडे वळली, आणि खुंटी होती तिथे आता फ्रीज आहे हे बघून कोट हातावर घेऊन तशीच उभी राहिली.

हे घर तिचं. तिच्या आईचं, म्हणजे आजी गेल्यावर तिचंच. ती इथून गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. वरच्या डोंगरातली शिशाची खाण बंद पडली होती. बाबांनी बाटली जवळ केली आणि मग बाटलीने त्यांना नेलं. गावातल्या निम्म्या बायका इटलीत म्हाताऱ्या माणसांची अंगं पुसायला गेल्या, त्यांत आईपण गेली. एका वर्षासाठी. ते एक वर्ष मी कॉलेजात गेले तरी संपलं नव्हतं. ऑगस्टात पंधरा दिवस यायची. पहिला आठवडा मी तिच्याशी बोलायचे नाही आणि दुसऱ्या आठवड्यात ती निघायची तयारी करायची.

एरवी यायचं ते खोकं. इटलीच्या बसवाल्याबरोबर ती पाठवायची आणि आजी ते चौकातून उचलून आणायची. खोकं उघडलं की मी आधी तोंड आत घालायचे, चॉकलेट नंतर. आत एक वास असायचा, साबणाचा, कॉफीचा, कुणाच्या तरी जुन्या कपाटाचा. तो मी आईचा वास म्हणून पाठ केला होता. एका ऑगस्टात ती बसमधून उतरली, तिने मला पोटाशी धरलं, आणि तिला तो वासच नव्हता. मी अंग सोडवून घेतलं आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिले. आजी म्हणाली, "लाजतेय गं." मी लाजत नव्हते.

पुढे मी जनावरांच्या वागण्याचा अभ्यास घेतला. पहिल्याच तासाला सरांनी बजावलं होतं की जनावरात माणूस शोधायचा नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सगळे तेच करत होतो. वर्गात एक मुलगा होता, त्याला लहानपणी बाप मारायचा, तो लांडग्यांवर काम करायचा. मी मेंढ्या घेतल्या. सांगायला कारण होतं: गावाच्या वर मेंढ्यांचं केंद्र आहे, आजी म्हातारी झालीय, घराजवळ राहता येईल. खरं कारण पुस्तकातलं एक पान होतं. मेंढी व्यायली की पहिले काही तास ती कोकराचा वास शिकते. चाटते, हुंगते, आणि तो वास एकदा डोक्यात बसला की शंभर कोकरांत ती आपलं ओळखते. पण त्या तासांत कोकरू तिच्यासमोरून उचललं आणि उशिरा परत आणलं, तर पोटचं असूनही ती त्याला ढुशी मारते. मेंढी वाईट असते म्हणून नाही. दार बंद झालेलं असतं, एवढंच.

मला ते पान वाचून इतकं हलकं वाटलं होतं की मी वाचनालयात बसल्या बसल्या रडले. कुणाची चूक नाही. नुसता उशीर. आईबद्दल इतकी वर्षं मला जे मांडता येत नव्हतं ते मेंढीने मांडून दाखवलं होतं. ते दार किती वेळ उघडं राहतं, हेच मग मी माझं काम करून घेतलं.

या खेपेला मात्र आई नेहमीसारखी पंधरा दिवसांची आली नव्हती. इटलीत बेर्गामोला ती ज्या म्हाताऱ्या सिन्योराला, म्हणजे मालकिणीला, सांभाळायची तिच्याजवळ सध्या एक मोल्दोवाची बाई बसवली होती. सिन्योराच्या मुलाला मार्च संपायच्या आत कळवायचं होतं, परत येणार की नाही. हे तिने मला सांगितलं नाही. ओग्न्यानला सांगितलं, बटाटे सोलता सोलता.

"ती तुझ्या तोंडाकडे बघतेय," रविवारी रात्री लाकडाचा ट्रक घेऊन निघायच्या आधी बूट घालताना तो मला म्हणाला. "राहा म्हण. एवढंच तर आहे."

"तिला राहायचं असेल तर राहील की. घर तिचंच आहे."

"घराचं कोण बोलतंय, बाई?"

नेदा झोपेत जरा जास्तच शांत वाटत होती, म्हणून तिच्या नाकाखाली बोट धरून बघत होते.

बघणं हा माझा पेशा आहे आणि नेदा झाल्यापासून तो आजारही झालाय. तिचा श्वास मोजते, नखं बघते, दूध ओकली तर त्याचा रंग बघते. आता त्यात आईची भर पडली. ती नेदाला कशी उचलते, मान कुठे धरते, तोंडाला तोंड लावते का. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. सापडली नाही. नेदाला हात लावायच्या आधी ती प्रत्येक वेळी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. ही सवय तिला माझ्या वेळची नव्हती. सिन्योराची कातडी कागदासारखी झालीय, गार हात लागला की ती दचकते, त्यातून लागलेली.

संध्याकाळी ती फोनवर सिन्योराशी बोलायची, व्हिडिओवर तोंड बघत. मला इटालियन थोडंफार कळतं. "खाल्लंस का? सगळं? ताट दाखव बघू. हे कोपऱ्यातलं कोण खाणार, मी?" पलीकडून एक म्हातारी लहान मुलासारखी खिदळायची. मी दाराशी नेदाचे कपडे घड्या करत ऐकायचे. माझं ताट आजी बघायची. ते काही कमी नव्हतं. पण कपड्यांच्या घड्या माझ्या हातून वाकड्या पडायच्या.

आणि नेदा तिच्याकडे झोपायची. माझ्याकडे रडून रडून निळी व्हायची, आणि आईने खांद्यावर टाकलं की उसासा सोडून गप्प.

"तू घट्ट धरतेस," आई म्हणायची. "पडणार नाहीये ती. ये गं माझे आई, ये. तुझी आई शिकलेली आहे ना, तिला सगळ्याची भीती वाटते."

"शिकलेल्यांनाच कळतं कशाला भ्यायचं ते."

"असेल बाई. आम्ही न कळता वाढवलं."

"वाढवलं आजीने," मी म्हणाले.

आईचा हात नेदाच्या पाठीवरून फिरत राहिला.

चाळिसावा दिवस आला. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा दिवस. सकाळी देवळात पाद्रीबाबांची प्रार्थना झाली आणि मग रीतीप्रमाणे बाळाला तीन घरी न्यायला निघालो. पहिल्या घरी अंडं आणि साखर मिळाली, दुसऱ्या घरी अंडं आणि टोपरं. दोन्हीकडे नेदाच्या डोक्याला पीठ लावलं, म्हातारी होवो, पांढऱ्या केसांची होवो म्हणून. दोन्हीकडे बाहेर पडल्या पडल्या मी ते पुसलं, नाकात जाईल म्हणून. आणि तिसऱ्या घराच्या दारात माझा फोन वाजला. केंद्रावरचे मेंढपाळ, मिन्चोकाका होते.

"डॉक्टरीणबाई, पाद्रीणबाई सकाळीच मोकळी झाली. पोरगा झालाय. सांगितलंत तसं उचलून आत ठेवलंय त्याला, बाटली दिलीय. तुमची वेळ भरत आली. येताय ना?"

पाद्रीणबाई हे त्या मेंढीचं नाव, मिन्चोकाकांनी ठेवलेलं, कारण ती पाद्रीबाबांच्या बायकोसारखी चारा येईपर्यंत मान वर करून उभी राहायची आणि बाकीच्या मेंढ्यांत मिसळायची नाही. यंदाच्या कामातली माझी शेवटची मेंढी. मागची दोन वर्षं व्यायलेल्या मेंढीच्या तोंडासमोरून ओलं कोकरू उचलताना मला काही वाटलं नव्हतं. यंदा ते मी मिन्चोकाकांवर सोपवलं होतं, आणि जायचं फक्त परत सोडताना.

"मला वर जावं लागेल," मी आईला म्हणाले.

"आणि तिसरं घर? दोनवर सोडायचं नसतं."

"तिसरं मेंढवाड्यात कर."

मी चिडून म्हणाले होते. तिने ते खरंच धरलं. "का नाही? मिन्चोचं घर तेच. बायकोपेक्षा मेंढ्यांतच राहिलाय जन्मभर." आणि ती नेदाला शालीत गुंडाळून माझ्या पुढे चढण चढायला लागली.

मिन्चोकाका मेंढवाड्याच्या दारातच होते. "स्तेफ्का! अगं, जाडी झालीस की! इटलीवाले खायला घालतात वाटतं."

"तू वाळलास, मिन्चोभाऊ. बायको घालत नाही वाटतं."

"घालते, पण शिव्या." त्यांनी शालीत डोकावून बघितलं. "तिसरं घर का? अरे वा. पीठ नाही माझ्याकडे, कोंडा आहे. चालेल?" आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी कोंड्याची चिमूट नेदाच्या टोपऱ्यावर टाकली. मग जेवणाच्या फडक्यातून अंडं काढून आईच्या हातात दिलं. "उकडलेलं आहे. पण अंडंच आहे."

आई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मी टोपऱ्यावरचा कोंडा झटकला आणि कामाला लागले.

पाद्रीणबाई कुडाच्या लहान वाड्यात एकटी होती, मान वर करून. मी कोकरू आणलं आणि तिच्यासमोर गवतावर ठेवलं. ते सकाळपासून माझ्या प्रयोगापुरतं अनाथ होतं. त्याला ते माहीत नव्हतं. पायांवर हलत डुलत ते सरळ तिच्याकडे गेलं. तिने मान खाली घातली, एकदा हुंगलं, आणि कपाळाने असं ढकललं की ते कुडावर जाऊन आपटलं.

आई दचकली. नेदाला तिने आपसूक कोटाच्या आत ओढून घेतलं.

"तिचंच ना ते?"

"तिचंच."

"मग असं का करते?"

"ओळखत नाही. व्याल्यावर लगेच चाटू दिलं नाही ना. आता उशीर झाला."

"किती उशीर? सकाळचीच तर गोष्ट."

"तेवढा पुरतो. पहिले काही तास नाक उघडं असतं, मग दार बंद होतं. नंतर कितीही आणा."

आई मेंढीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "आणि माणसांचं गं? माणसांचं किती वेळ उघडं असतं?"

ती खरंच विचारत होती. माझं शिक्षण तिच्या पैशांनी झालं होतं आणि त्या शिक्षणाला तिने आयुष्यात विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी म्हणाले, "ते मोजायला बेर्गामोला जावं लागेल."

मिन्चोकाका पलीकडे बादली हलवत होते. ते थांबले, आणि मग उगाचच पुन्हा हलवायला लागले.

कोकरू उठलं. अंग थरथरत होतं, कानाला गवत चिकटलं होतं. ते पुन्हा तिच्याकडे गेलं. पुन्हा ढुशी. या वेळी पुढच्या गुडघ्यांवर पडलं, तसंच सरकत तिच्या कासेपर्यंत पोचलं, आणि तिने फिरून त्याला बाजूला फेकलं. ते उठलं.

"परत जातंय," आई म्हणाली.

"भूक लागलीय त्याला."

"बाटली दिली म्हणाला ना मिन्चो? आणि नुसती भूक असती तर त्या शेजारच्या फटीतून गेलं असतं. तिकडच्या मेंढीची कास बघ केवढी भरलीय." ती कुडाला टेकली. "हिच्याकडेच जातंय. मारते तरी." मग ती म्हणाली, "तुम्ही सगळं मेंढीचंच बघता का? तिने घेतलं, तिने नाही घेतलं. या बारक्याचं कुणी बघत नाही?"

"आमचं काम मेंढीवर आहे."

"हं," आई म्हणाली. कोकरू पुन्हा उठत होतं. "मी नेते हिला घरी. वारं आहे इथे."

ती निघाली तेव्हा मिन्चोकाकांनी मला विचारलं, "झालं का तुमचं बघून? मग मी माझं करू?" मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून जाड्या मिठाची पुरचुंडी काढली, कोकराच्या पाठीवर, मानेवर, शेपटीखाली भुरभुरली. आईने दारातून वळून ते पाहिलं. मीठ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वाटलं, काहीतरी टोचून बोलेल, शिकलेल्यांच्या वाड्यात मीठ चालतं वाटतं, असं काहीतरी. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. ती वळली आणि उतार उतरायला लागली.

मीठ मलाही नवं नव्हतं. बघून झालं की आम्ही हेच करतो. मेंढी मिठासाठी चाटते, चाटता चाटता वास शिकते. कधी शिकते, कधी नाही. पाद्रीणबाईने आधी मान फिरवली. मग जीभ लावली. चाटलं, मीठ संपलं, पुन्हा ढुशी मारली. मिन्चोकाकांनी पुन्हा मीठ टाकलं.

"मीठ संपल्यावरही चाटत राहिली की समजायचं, जमलं," ते म्हणाले.

उन्हं कलली तेव्हा तिच्या घशातून तो आवाज आला, कोकरासाठीच फक्त काढतात तो, तोंड न उघडता, खालचा. कोकराच्या पाठीवर मिठाचा कण उरला नव्हता. ती चाटत होती. ते कासेखाली शिरलं, शेपटी हलायला लागली. माझ्या छातीत पान्हा भरून आला, कपडे ओले झाले, आणि मी नेदाला पाजायला घराकडे धावले.

उतारावर धावलं की धाप लागते आणि धाप लागली की डोक्यात नको ते येतं. इतकी वर्षं माझ्या डोक्यात आई म्हणजे ती मेंढी होती, जिचं दार बंद झालं. मी कोकरू. पण दर ऑगस्टात कोण येत होतं? पोटाशी धरायला कोण येत होतं आणि अंग सोडवून कोण घेत होतं? खोकी कोण पाठवत होतं? मी वाटेतच थांबले. मला तिला सांगायचं होतं की पाद्रीणबाईने घेतलं. एवढंच सांगायचं, बाकी काही नाही. बाकीचं तिला कळलं असतं.

दार उघडलं तर आई फोनवर बोलत होती, पाठमोरी, नेदा खांद्यावर. "जोवेदी," ती म्हणत होती. गुरुवारी. "हो, हो, गुरुवारी निघते. सांगा तिला. आणि त्या बाईला म्हणावं, गोळ्या जेवणानंतर द्यायच्या, आधी नाही." तिची बॅग पलंगावर उघडी होती.

तिने फोन ठेवला, वळली, मला बघितलं. नेदाला माझ्याकडे दिलं. मी पाजायला बसले. आईने माझ्यासमोर घेवड्याच्या रश्श्याचं ताट ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली.

"घेतलं का तिने?" तिने विचारलं.

शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण पलंगावरची ती बॅग दिसत होती. पुन्हा निघालीच ना ही, एवढंच मला दिसत होतं. आणि मी जे खरं होतं ते सांगितलं, म्हणजे माझ्या विषयात जेवढं खरं म्हणता येतं तेवढं.

"आज घेतलं. उद्याचं सांगता येत नाही."

आईने मान हलवली. "हो," ती म्हणाली. "तेही खरंच." मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "खा. गार होतंय."

गुरुवारी सकाळी ती लवकर उठली. मी आंघोळीला गेले तेव्हा नेदा तिच्याजवळ होती. बाहेर आले तर पाळणा आवरलेला, लंगोट वाळत घातलेले, आईचा कोट फ्रीजच्या दाराला अडकवलेला. तिने फोन एका लोकरी मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातला. ती नेहमीच तसं करते. सर्बियात एकदा बसमध्ये चोरी झाली होती.

"कुणी फोन केला तर ऐकू कसा येणार?" मी विचारलं.

"मला कोण करणार वाटेत? पोचल्यावर काढते."

चौकात बस उभी होती. ओग्न्यान कामावर होता, म्हणून बॅग ड्रायव्हरनेच चढवली. नेदा माझ्या कुशीत झोपली होती. आईने सवयीने तळवे एकमेकांवर घासले, गरम केले, नेदाला हात लावणार तोच तिला दिसलं की ती गाढ झोपलीय. मग ते गरम केलेले हात तिने तसेच धरून ठेवले. माझ्याकडे बघितलं. मी एक पाऊल पुढे झाले असते तर पुरलं असतं. मी नेदाच्या डोक्यावरची शाल सारखी करत राहिले.

तिने हात कोटाच्या खिशात घातले.

"रस्सा आहे दोन वेळचा," ती म्हणाली. "आणि तिला इतकं घट्ट धरू नकोस."

"पोचल्यावर कळव."

"हो गं."

बस वळणामागे गेली. मी घरी जायच्या ऐवजी वर गेले, मेंढवाड्यात. उद्याचं सांगता येत नाही म्हणाले होते, त्याला तीन दिवस होऊन गेले होते. पाद्रीणबाई गवतात बसली होती, मान नेहमीसारखी वर, आणि कोकरू तिच्या पाठीवर चढून झोपलं होतं. चढून. तिच्या त्या मानी पाठीवर.

"चिकटलेत बघा कसे," मिन्चोकाका म्हणाले. "आता सुरीने सोडवले तरी सुटायचे नाहीत. स्तेफ्काला सांगा हो. त्या दिवशी फार मनाला लावून घेतलं तिने. आहे कुठे?"

"गेली."

"कुठे गेली?"

मी नेदाची शाल सारखी केली. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा रस्त्याकडे बघितलं. "अच्छा," ते म्हणाले आणि बादली उचलून आत गेले.

घरी आले. नेदा जागी होऊन रडायला लागली. ती कुणाला शोधते हे मला कळत होतं. मी तिला खांद्यावर टाकलं, आई टाकायची तसं, हात सैल ठेवून. रडणं थांबेना. मी गाल तिच्या मानेला लावला, मग ओठ लावले, कानामागे, जिथे बाळाचा वास सगळ्यांत जास्त असतो.

खारट लागलं.

आधी मला काही कळेना. मग कळलं. मी तिला पलंगावर टाकलं, भराभर कपडे काढले, खिडकीपाशी नेऊन अंग बघितलं. काखा, मानेच्या वळ्या, जांघा, पोट. कुठे लाली नाही, पुरळ नाही. पाणी गरम करायला ठेवलं. एकेका जागेला जीभ लावून बघितलं, वेड्यासारखी. कुठेच मीठ नव्हतं. फक्त एका कानामागे होतं. डाव्या. जेमतेम बोटाच्या टोकाएवढं. मी नको म्हटलं होतं ते तिने मानलं होतं. सगळं अंग सोडून दिलं होतं, तेवढं एक टोक सोडून.

पाणी उकळायला लागलं. मी आच बंद केली.

नेदाला उघडीच शालीत गुंडाळली आणि खांद्यावर घेतली. दुसऱ्या हाताने फोन लावला. रिंग जात होती. कुठल्याशा बसच्या पोटात, बॅगेच्या तळाशी, लोकरी मोज्यात तो वाजत असणार. मी वाजू दिला. थांबला तेव्हा पुन्हा लावला. संध्याकाळपर्यंत ती सीमेपलीकडे असेल. उद्या पोचेल, मोजा सोडेल, माझे एवढे फोन बघून घाबरेल आणि विचारेल, पोरगी बरी आहे ना. आणि मी म्हणेन, बरी आहे, तू जेवलीस का. उद्या माझ्याकडून एवढंच बोलवेल, हे मला आजच माहीत होतं.

आज, फोन कानाशी वाजत असताना, मला सगळं बोलता येत होतं.

नेदाचा हुंदका हळूहळू उतरला. मी ओठ तिच्या डाव्या कानामागे ठेवले होते. मीठ केव्हाच संपलं होतं. तिथे आता फक्त दुधाचा वास होता, आणि त्याच्या खाली अगदी पुसट साबणाचा, कॉफीचा, कुणाच्या तरी जुन्या कपाटाचा. मी तोंड काढलं नाही.